ड्रम रिकामा, धोका कायम!
ज्वलनशील द्रावकांचे वर्गीकरण आणि सुरक्षित हाताळणी

प्रतिनिधी, अंबरनाथ

अंबरनाथ शहर एकेकाळी आगपेट्यांसाठी ओळखले जात असे. 'विम्को'च्या कारखान्याची आठवण आजही विम्को नाका या नावात टिकून आहे. काडी ओढल्याशिवाय आग लागत नाही, हा धडा या शहराने अनेक पिढ्या गिरवला. याच शहराच्या पूर्वेला वसलेल्या अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्रात, म्हणजेच आनंदनगर एमआयडीसीत मात्र हा धडा अपुरा पडतो. रासायनिक, औषधी आणि रंगनिर्मितीच्या उद्योगांत टोल्युइन, हेक्झेन, झायलीन यांसारखे हायड्रोकार्बन द्रावक नित्य वापरले जातात. त्यांना पेटण्यासाठी काडीची गरज नसते. नायलॉनच्या सदऱ्यावर साठलेली विद्युत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतून घाईने ओतलेली भुकटीही पुरेशी ठरते.

या पट्ट्याला औद्योगिक दुर्घटना नवीन नाहीत. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झालेल्या स्फोटात १२ जणांचा बळी गेला आणि आसपासच्या वस्तीतील घरांच्या काचा फुटल्या. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली पुन्हा हादरली, ती अमुदान केमिकल्समधील स्फोटाने. या घटनांतील रसायने आणि कारणे वेगवेगळी होती. त्या सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. तथापि, कुंपणाच्या आत काय साठवले आहे आणि ते कसे वागते, हे कुंपणाबाहेरच्या नागरिकांनाही ठाऊक असावे, एवढा निष्कर्ष तिन्ही घटनांतून निघतो. त्यासाठी टोल्युइन हे उदाहरण सोयीचे आहे. रंग, थिनर, चिकटद्रव्ये आणि औषधनिर्मिती अशा अनेक ठिकाणी ते आढळते.

चार अंशांचा अर्थ

कोणताही द्रव स्वतः जळत नाही; जळते ती त्याची वाफ. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ जमते, त्या तापमानाला प्रज्वलनबिंदू किंवा 'फ्लॅश पॉइंट' म्हणतात. टोल्युइनचा प्रज्वलनबिंदू सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, तर हेक्झेनचा उणे २२ अंशांच्या आसपास. अंबरनाथ-बदलापूर परिसरात कडाक्याच्या थंडीतही पारा साधारण दहा अंशांच्या आसपास थांबतो. याचा अर्थ असा, की वर्षातील सर्वांत गार पहाटेलाही टोल्युइनचा उघडा ड्रम पेट घेण्यास सज्ज असतो. त्याला 'सुरक्षित ऋतू' नाही.

खनिज टर्पेंटाइन आणि रॉकेल यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचा प्रज्वलनबिंदू सर्वसाधारणपणे ३५ ते ४० अंशांच्या घरात असतो. जानेवारीत ते तुलनेने निरुपद्रवी वाटतात. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखालील तापमान त्याहून वर जाते, तेव्हा हेच द्रव आपली पायरी सोडून वरच्या धोक्याच्या पायरीवर जाऊन बसतात. कागदावरील वर्ग बदलत नाही, प्रत्यक्ष धोका बदलतो.

वर्गीकरणाच्या तीन भाषा

अशा द्रवांचे वर्गीकरण निरनिराळ्या कायद्यांत निरनिराळ्या नावांनी केले जाते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंशांखाली प्रज्वलनबिंदू असलेले द्रव 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांखालील 'ब' वर्गात, तर ६५ ते ९३ अंशांखालील 'क' वर्गात मोडतात. या कायद्यात 'पेट्रोलियम' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. पंपावर मिळणाऱ्या इंधनापुरता तो मर्यादित नसून कोणताही द्रवरूप हायड्रोकार्बन त्यात येतो. त्यामुळे टोल्युइन आणि हेक्झेन हे दोन्ही 'अ' वर्गाचे पेट्रोलियम ठरतात. विक्रीसाठी नसलेला 'अ' वर्गाचा एकूण ३० लिटरपर्यंतचा साठाच परवान्यातून वगळलेला आहे. सर्वसाधारण ड्रम २०० लिटरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका ड्रमनेही ही मर्यादा किती ओलांडली जाते ते कळते. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजेच 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात आहे.

दुसरी भाषा आहे ती रसायनांच्या जागतिक एकरूप वर्गीकरण पद्धतीची. प्रज्वलनबिंदू २३ अंशांखाली आणि उत्कलनबिंदू ३५ अंशांहून अधिक असलेले द्रव या पद्धतीत ज्वलनशील द्रवांच्या दुसऱ्या श्रेणीत येतात. टोल्युइन ११०.६ अंशांना, तर हेक्झेन ६९ अंशांना उकळत असल्याने दोघांची श्रेणी एकच. ड्रमवरील लाल चौकटीतील ज्वाळेचे चिन्ह याच पद्धतीचे आहे. टोल्युइनच्या ड्रमवर त्यासोबत छातीवर तडा गेल्यासारख्या मानवी आकृतीचेही चिन्ह असते. त्याकडे सहसा दुर्लक्ष होते; पण ते आरोग्यावरील दीर्घकालीन परिणामांचा इशारा देते.

तिसरी भाषा वाहतुकीची. टँकरच्या मागे आणि बाजूला दिसणाऱ्या फलकावर चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो. टोल्युइनचा क्रमांक १२९४, हेक्झेनचा १२०८. लाल चौकोनातील ३ हा आकडा ज्वलनशील द्रवाचा वर्ग दाखवतो. 'हॅझकेम' संकेतातील पहिला आकडा आग विझवण्याचे माध्यम सांगतो. तेथे ३ असल्यास फेस वापरावा, असा त्याचा अर्थ. शेवटी 'ई' हे अक्षर असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा लागतो. काटई-कर्जत रस्त्यावर टँकर उलटला, तर अग्निशमन दलाला दूरध्वनीवरून हा चार आकडी क्रमांक सांगणे ही सामान्य नागरिकाची सर्वांत मोलाची मदत ठरू शकते.

एक लिटर आणि एक खोली

हवेतील टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.१ ते ७.१ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तरच ती पेटते. त्याखाली वाफ अपुरी पडते, त्यावर हवा अपुरी पडते. १.१ टक्का हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु एक लिटर टोल्युइनचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे २३० लिटर वाफ तयार होते. ती सारखी पसरली, तर नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद आणि आठ फूट उंच खोली स्फोटक मिश्रणाने भरण्यास पुरेशी ठरते. म्हणजे एका ड्रममध्ये अशा दोनशे खोल्यांची सामग्री असते.

ही वाफ हवेहून तिप्पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात, खड्ड्यात, तळघरात साचते. दूरवर एखादी ठिणगी भेटली की ज्वाळा उलट्या दिशेने धावत मूळ ड्रमपर्यंत पोहोचते. जयपूरजवळील सीतापुरा येथील तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलची गळती झाली. वाफेचा ढग तासाहून अधिक काळ पसरत राहिला आणि मगच स्फोट झाला. द्रव वेगळा, प्रमाण कितीतरी मोठे. पण वाफेची चाल तीच.

टोल्युइनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विशेष आहे. बंद टाकीत पेट्रोल किंवा हेक्झेनची वाफ आपल्या हवामानात इतकी दाट होते, की आत पेट घेण्यास हवाच उरत नाही. टोल्युइनचे तसे नाही. पंचवीस अंश तापमानाला बंद ड्रममधील मोकळ्या जागेत त्याची वाफ पावणेचार टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बरोबर स्फोटक मर्यादेच्या मधोमध. साधारण ४ ते ३८ अंशांच्या दरम्यान ही स्थिती कायम राहते. आनंदनगरचे जवळजवळ संपूर्ण वर्ष याच पट्ट्यात सरते. ठिणगी ड्रमच्या आतच पडली, तर बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही.

न दिसणारी ठिणगी

आत ठिणगी येते कोठून? टोल्युइन विजेचे अत्यंत दुर्बल वाहक आहे. नळीतून वाहताना, गाळणीतून जाताना किंवा उंचावरून धार पडताना त्यात विद्युतभार साठतो आणि सहजी निचरत नाही. टोल्युइनची वाफ पेटवण्यासाठी सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावताना बसणारा जाणवण्याजोगा झटका बहुधा याहून अधिक ऊर्जेचा असतो.

म्हणूनच हाताळणीचे नियम वरवर क्षुल्लक वाटले, तरी प्रत्येकामागे कारण आहे. द्रावक ओतण्यापूर्वी दोन्ही धातूची भांडी तारेने परस्परांना आणि जमिनीला जोडावीत. तारेचा चिमटा रंगावर किंवा गंजावर न लावता उघड्या धातूवर घट्ट बसला पाहिजे. भरणीची नळी तळापर्यंत न्यावी; वरून धार सोडू नये. नळीचे तोंड बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा अधिक नसावा. टाकी भरल्यानंतर नमुना घेण्यापूर्वी भार निचरण्यास वेळ द्यावा. टोल्युइन प्लॅस्टिकच्या कॅन किंवा बादलीत काढू नये, कारण प्लॅस्टिकला अर्थिंग करून उपयोग नसतो. द्रावक भरलेल्या रिअॅक्टरच्या उघड्या तोंडातून प्लॅस्टिकची पिशवी झटकून भुकटी टाकणे ही तर धोक्याला दिलेली उघड हाक आहे. आधी नायट्रोजनने आतील हवा काढावी आणि भुकटी बंदिस्त मार्गाने सोडावी. मात्र नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस उतरल्यास तो गुदमरून क्षणात बेशुद्ध पडतो, हेही विसरून चालत नाही.

सुती कपडे, विद्युतभार निचरणारी पादत्राणे, ज्वालारोधक विद्युत उपकरणे, जमिनीलगत हवा खेचणारे पंखे आणि मोबाइलला मज्जाव ही उर्वरित पथ्ये. हे सर्व ठाऊक असलेला रसायनतज्ज्ञ बहुतेक वेळा कार्यालयात असतो. ड्रम मात्र ओततो तो कंत्राटी मदतनीस. सुरक्षा माहितीपत्रक इंग्रजीत कपाटात राहिले, तर ज्ञान आणि हात यांची गाठ पडत नाही. ते मराठीत आणि हिंदीत, ड्रमजवळच्या भिंतीवर असायला हवे.

श्वासाचा हिशेब

आगीच्या भीतीत आरोग्याचा प्रश्न झाकोळला जातो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आठ तासांच्या कामासाठी टोल्युइनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २० भाग अशी सुचवली आहे. पेट घेण्यासाठी अकरा हजारांहून अधिक भाग लागतात. म्हणजे वायुमापक यंत्रावर स्फोटाचा धोका शून्य दिसत असतानाही श्वासातील हवा घातक असू शकते. डोकेदुखी, गुंगी, तोल जाणे ही सुरुवातीची लक्षणे. गर्भावरही अनिष्ट परिणामाचा संशय नोंदवलेला आहे. हेक्झेनच्या दीर्घ संपर्कात हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. कापडी मास्क या वाफांपुढे निरुपयोगी असतो. द्रावक चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नये. तो द्रव फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुंपणाबाहेर

वापरलेल्या द्रावकाची गणना घातक कचऱ्यात होते. तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा तळोजा येथील सामायिक प्रकल्पासारख्या ठिकाणीच जायला हवा. आडमार्गाने काय घडते, हे उल्हासनगरने नोव्हेंबर २०१४ मध्ये पाहिले. वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि वडोलगाव परिसरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला.

त्याहून नकळत बाहेर पडतो तो रिकामा ड्रम. पूर्ण भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा नसते. रिकाम्या ड्रममध्ये तळाशी पेलाभर टोल्युइन आणि वर तशी पाऊणशे घरफुटांची नव्हे, तरी दोनशे लिटरची स्फोटक पोकळी असते. भंगाराच्या दुकानात त्यावर गॅसकटर चालवला, की ड्रमचे झाकण तोफगोळ्यासारखे सुटते. वाफेने किंवा पाण्याने नीट धुतल्याशिवाय आणि आतील वायू मोजल्याशिवाय असा ड्रम कापू नये. पाणीकपातीच्या दिवसांत स्वस्तात मिळतो म्हणून रसायनाचा ड्रम घरच्या साठवणीसाठी घेऊ नये.

गळतीचा वास आला, तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नव्हे, तर वाऱ्याला आडवे सरकत वाऱ्याच्या वरच्या बाजूस जावे. सखल भाग आणि नाल्याचा काठ टाळावा. वाहन सुरू करू नये, चित्रीकरणासाठी जवळ जाऊ नये. सुरक्षित अंतरावरून १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. पेटलेल्या टोल्युइनवर पाण्याची धार मारणे व्यर्थ आहे. पाण्याहून हलके असल्याने ते तरंगत तरंगत आग पुढे नेते. फेस किंवा कोरडी रासायनिक भुकटी हाच उपाय; पाण्याचा फवारा शेजारचे ड्रम थंड ठेवण्यासाठी.

आगपेटीवर काड्यांची संख्या छापलेली असते. किती उरल्या हे उघडून पाहता येते. ड्रममध्ये उरलेली वाफ अशी मोजता येत नाही. म्हणून ड्रम रिकामा झाला तरी त्यावरील ज्वाळेचे चिन्ह पुसू नये, आणि ते चिन्ह दिसेल तेथे ड्रम भरलेलाच आहे असे समजून वागावे.