दूध बाधते? मग सोया दूध घेण्यापूर्वी

दूध बाधते म्हणून सोया दूध सुरू करा, असा सल्ला अलीकडे शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांतही ऐकू येतो. आसनगावहून लोकलने ठाण्या-मुंबईला कामाला जाणारे आपले बंधू येताना खोके घेऊन येतात, मुरबाडकर कल्याणहून आणतात. लिटरभराला शंभर रुपयांच्या वर पडतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम थोडी नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी माताभगिनींनी हे ध्यानात घ्यावे की, 'दूध बाधते' या एकाच बोलण्यामागे दोन अगदी वेगळी दुखणी असतात.

पहिले दुखणे दुधातल्या साखरेचे. तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचविणारा पाचक रस मोठेपणी पुष्कळांच्या शरीरात कमी होतो. पेलाभर दूध प्यायले की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. पण हीच माणसे चहातले दूध पचवितात. दही-ताकही बहुधा सोसते, कारण विरजणाने ही साखर बरीच कमी झालेली असते. अशांचे सोया दुधावाचून काही अडत नाही. त्यात लॅक्टोज नसते हे खरे, पण वाला-पावट्याने पोट धरते तसे सोयाबीननेही काहींचे धरते. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात जुलाब होऊन गेल्यावर आतड्याला सूज राहते आणि काही दिवस दूध पचत नाही. थोड्या आठवड्यांत ते पुन्हा पचू लागते. तेवढ्यावरून पोराचे दूध जन्माचे बंद करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

दुसरे दुखणे ॲलर्जीचे. ते दुधातल्या प्रथिनांमुळे होते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, छातीत घरघर लागते. इथे 'थोडेसे चालते' हा हिशेब नाही. दही, ताक, खवा, पेढा सगळे वर्ज्य. बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा 'एकच चमचा' म्हणून कोणी आग्रह करील, त्यालाही ठाम नाही म्हणावे. श्वास अडकू लागला तर घरगुती उपायात वेळ न घालविता १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. सोया दूध खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते या ॲलर्जीवाल्यांना. मात्र दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बालकांना सोयाही सोसत नाही, म्हणून पहिला घोट डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोया दूध, मग ते विकतचे असो की घरचे, कदापि देऊ नये. त्यावर बाळाची वाढ होत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास असेल तर डॉक्टर कधी कधी आईलाच काही दिवस दूधदुभते सोडायला सांगतात.

घेणारच असाल तर खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. आम्हा कारकून मंडळींना तीच वाचायची सवय! दूध, सोयाबीन, शेंगदाणा, गहू असे ॲलर्जीचे पदार्थ आत असतील तर ते लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. चॉकलेट-व्हॅनिलाच्या चवीत साखर भरपूर असते. 'माल्ट' लिहिले असेल तर ते बहुधा सातूचे, गहू न चालणाऱ्यांनी टाळावे. कॅल्शियम घातलेले पाहून घ्या. १०० मिलीला १२० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर ते गाईच्या दुधाच्या बरोबरीचे. ते तळाशी बसते, म्हणून खोके हलवूनच ओतावे.

घरीही करता येते. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजवून, सालपटे काढून, सहा-सात वाट्या पाण्यात वाटून गाळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारा घटक असतो, तो उकळल्यानेच जातो. भांड्यात फेस लवकर वर येतो, त्याला उकळी समजू नये; मंद आचेवर पुढे १५-२० मिनिटे ढवळीत ठेवावे. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवावे. चोथा थालिपीठात जातो. या दुधात प्रथिने चांगली, पण कॅल्शियम अगदी थोडे, आणि बी-१२ जीवनसत्त्व नाहीच. ती उणीव भरायला आपल्या डोंगरपट्टीत नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी आणि अंडीही आहेत. खोक्याच्या जाहिरातीत नाचणी कुठून येणार?

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या भगिनींनी ती सोया दुधाबरोबर घेऊ नये, गोळी अंगी लागत नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे आणि सोया सुरू केल्याचे डॉक्टरांच्या कानावर घालावे, म्हणजे गोळीचे प्रमाण ते तपासून पाहतील.