ढवळावे तसे वागणारे द्रव



द्रवाचे वर्णन करताना ‘पातळ’ आणि ‘घट्ट’ हे दोन शब्द आपल्याला पुरेसे वाटतात. विज्ञान मात्र विचारते, किती घट्ट? वाहताना द्रव आतून जो विरोध करतो त्याला श्यानता म्हणतात. पाण्याची श्यानता कमी, मधाची पाण्याच्या हजारो पट. परंतु पाणी, गोडेतेल, साखरेचा पाक यांत एक साम्य आहे. तापमान तेच ठेवले तर चमचा हळू फिरवा की जोरात, त्यांची श्यानता बदलत नाही. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात द्रवांच्या या वागणुकीचा विचार मांडला, म्हणून यांना न्यूटनीय द्रव म्हणतात.

घरातले बरेच पदार्थ हा नियम पाळत नाहीत. टोमॅटो सॉस बाटलीत अडून बसतो, जोरात हलवला की पातळ होऊन भसकन येतो. भिंतीचा रंग ब्रशखाली सहज पसरतो, पण ब्रश उचलल्यावर ओघळत नाही. टूथपेस्ट पुरेसा दाब मिळेपर्यंत हलतच नाही. हे सर्व जोर लावल्यावर पातळ होणारे.

याउलट वागणारा द्रव स्वयंपाकघरात करून पाहा. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी थोडे थोडे घालून कालवा. बोट हळूच घातले तर आत जाते. मूठ आपटली तर जणू दगड. पिठाचे बारीक कण पाण्यात अगदी दाटीने असतात. सावकाश ढकलले तर मधले पाणी त्यांना सरकू देते. एकदम दाबले तर कण एकमेकांवर घासून अडकतात. आता बोटे आत बुडवून झटक्याने ओढा, भांडे बरोबर उचलले जाईल. हळूहळू काढा, बोटे सुटतील. (प्रयोगानंतर हे मिश्रण मोरीत ओतू नये, नळी तुंबते.)

हा खेळ आम्ही मुद्दाम सुचवत आहोत. आपल्या मुलांच्या सहली नर्मदाकाठी जातात, आणि नदीकाठची भुसभुशीत वाळू किंवा गाळ हाही न्यूटनीय नसलेलाच पदार्थ आहे. न हलवता तो घन वाटतो. पाय पडताच त्याची रचना मोडते व तो सैल होतो. मग वाळूचे कण खाली बसून पायाभोवती आवळतात. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की अशा वाळूतून पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने ओढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. ही दलदल माणसाच्या शरीरापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असते, म्हणून माणूस तिच्यात साधारण अर्ध्यापर्यंतच जातो. सिनेमात दिसते तसा पूर्ण गडप होत नाही. खरा धोका असतो तो अडकून पडल्यावर पाणी वाढण्याचा, थकव्याचा आणि घाबरण्याचा.

म्हणून मुलांनी लक्षात ठेवावे: ओल्या गाळात उतरूच नये. पाय अडकलाच तर हिसके देऊ नयेत. पाठीवरची पिशवी टाकावी, मागे रेलून शरीराचा भार पसरावा, मदतीसाठी हाका माराव्यात आणि पाय किंचित किंचित हलवावा, म्हणजे त्याच्याभोवती पाणी शिरते व वाळू सैल होते. मदत करणाऱ्याने गाळात धावू नये. टणक जागेवरून फळी किंवा लांब काठी द्यावी.

कॉर्नफ्लोअर आणि वाळू यांची कारणे वेगवेगळी, पण दोन्हीकडे झटका वाया जातो आणि धीर कामी येतो. परीक्षेत श्यानतेची व्याख्या आमची मुले बिनचूक लिहितात. ती बोटांनाही कळावी, एवढीच आमची इच्छा. पालकांनी एक संध्याकाळ, दोन वाट्या पीठ आणि थोडा पसारा मंजूर करावा, ही विनंती.

— प्राचार्य