इसबाचा उद्रेक आणि वर्ज्य-आहार पद्धती : रत्नागिरीच्या खाद्यजीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना

त्वचाविकारांमध्ये इसब हा अत्यंत चिवट विकार मानला जातो. तीव्र खाज, लाली, लस वाहणे आणि दीर्घकाळ खाजविल्याने कातडी जाड होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. विकार काही काळ शमतो आणि पुन्हा उफाळतो. लहान मुलास इसब झाला की घरातील पहिला प्रश्न खाण्याविषयीचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली आहेत : मासे बंद, वांगे बंद, अंडे बंद आणि आंबा 'उष्ण' म्हणून तोही बंद. बाळ अंगावर पीत असेल, तर हे सारे पथ्य मातेच्या वाट्याला येते आणि पुरळ उठले की दोषही तिच्याच पदरी पडतो. या पथ्यामागे शास्त्रीय आधार किती आणि ते पाळायचेच झाल्यास कसे पाळावे, याचे विवेचन येथे केले आहे.

इसबाचे स्वरूप

बोलीभाषेत इसब, गजकर्ण आणि खरूज हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे, तर खरूज सूक्ष्म किडीमुळे होते. या दोहोंचा आहाराशी संबंध नाही. कोकणातील दमट हवेत गजकर्ण सहज फोफावते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने त्याची खाज तात्पुरती थांबते आणि मूळ रोग मात्र पसरत जातो. म्हणून आहारात बदल करण्यापूर्वी रोगनिदान होणे आवश्यक ठरते.

बालवयात आढळणाऱ्या इसबाच्या प्रमुख प्रकारास १९३३ मध्ये वाइज व सुल्झबर्गर यांनी 'अ‍ॅटोपिक डर्मटायटिस' हे नाव दिले. पुढे २००६ मध्ये फिलॅग्रिन या त्वचा-प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हा विकार यांचा संबंध प्रस्थापित झाला. त्यामुळे विचाराची दिशा पालटली. त्वचेचे आवरण मुळातच गळके असल्याने तिच्यातील ओलावा निघून जातो आणि बाहेरील प्रक्षोभक पदार्थ आत शिरतात. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या बालकांपैकी सुमारे एक-तृतीयांश बालकांत अन्नाची अ‍ॅलर्जी आढळते. परंतु अ‍ॅलर्जी सोबत असणे आणि तीच इसबाचे कारण असणे या भिन्न गोष्टी आहेत.

वर्ज्य-आहाराची संकल्पना

पथ्यापथ्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मासे व दूध एकत्र घेणे विरुद्धाहार मानले आहे आणि हा संकेत कोकणातील अनेक घरांत आजही पाळला जातो. आधुनिक वर्ज्य-आहाराची पद्धत मात्र अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट रो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. तिचे वैशिष्ट्य असे की, पदार्थ वगळणे हा तिचा केवळ पूर्वार्ध होय. वगळलेला पदार्थ पुन्हा देऊन पाहणे हा तितकाच महत्त्वाचा उत्तरार्ध होय. घरगुती पथ्यात नेमका हाच उत्तरार्ध गळून पडतो.

लंडन येथे अ‍ॅथर्टन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केलेल्या चाचणीत अंडे व गाईचे दूध वगळले होते. चाचणी पूर्ण करणाऱ्या २० मुलांपैकी १४ मुलांना या आहाराने तुलनेने अधिक बरे वाटले. भारतात संदीपन धर व सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दूध, कठीण कवचाची फळे, अंडी, समुद्री मासे व कोळंबी, वांगे आणि सोयाबीन हे पदार्थ ३ आठवडे वगळण्यात आले आणि इसबाची तीव्रता घटल्याचे आढळले. तथापि, तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने ही सुधारणा आहारामुळेच झाली असे निश्चितपणे म्हणता येत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन समीक्षेला सरसकट वर्ज्य-आहाराचा लाभ दिसला नाही. केवळ अंड्याच्या अ‍ॅलर्जीचा संशय असलेल्या आणि रक्त-तपासणी सकारात्मक आलेल्या अर्भकांत अंडे वगळण्याचा काही उपयोग दिसला. २०२२ च्या समीक्षेतही लाभ अल्पच आढळला.

रत्नागिरीतील विशेष गुंतागुंत

या जिल्ह्यात आहार आणि त्वचा यांचा संबंध जोडताना काही स्थानिक बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बाब आंब्याची. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच वनस्पतिकुळातील आहेत. त्यांच्या चिकात किंवा कवचाच्या तेलात त्वचेस दाहक अशी द्रव्ये असतात. देठाचा चीक नीट न धुता आंबा चोखून खाल्ल्यास ओठांभोवती पुरळ उठते. हा स्पर्शजन्य दाह असून गराशी त्याचा संबंध क्वचितच असतो. अशा मुलास धुतलेल्या, साल काढलेल्या आंब्याच्या फोडी बहुधा बाधत नाहीत. म्हणजे हंगामभर फळ बंद करण्याचे कारण पुष्कळदा उरत नाही. ओले काजू सोलणाऱ्यांच्या बोटांची कातडी सोलवटते तीही याच कारणाने. काजूगराची अ‍ॅलर्जी हा मात्र स्वतंत्र आणि गंभीर प्रकार आहे. तीत काही मिनिटांतच गांधी, उलटी वा श्वासाचा त्रास होऊ शकतो.

दुसरी बाब कोळंबीची. कोळंबीतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनाशी मिळतेजुळते प्रथिन घरातील धूलिकीटकांत आणि झुरळांतही असते. दमट हवेत धूलिकीटक गाद्या-उशांतून भरपूर वाढतात. परिणामी, धूलिकीटकांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची कोळंबीसाठीची तपासणीही सकारात्मक येऊ शकते, जरी ते मूल कोळंबी विनातक्रार खात असले तरी. केवळ तपासणीच्या कागदावरून ताटातील पदार्थ काढून टाकणे किती धोक्याचे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी बाब ऋतूची. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी दुर्मीळ होते आणि सुकट, सोडे, जवळा यांवर भागवले जाते. याच काळात हवेतील आर्द्रता, घाम आणि कपड्यांचा ओलसरपणाही बदललेला असतो. जूनमध्ये मासे सोडले आणि जुलैत त्वचा सुधारली, तर श्रेय माशांना द्यावे की हवेला? म्हणून ऋतुबदलाच्या तोंडावर आहार-चाचणी सुरू न करणे इष्ट. शिवाय 'मासे बंद' असलेल्या घरात भाजीत सोडे पडत असतील, तर चाचणी निरर्थक ठरते.

चाचणीची रीत आणि तिचे धोके

प्रथम त्वचेची नित्य निगा स्थिर असावी लागते. कोमट पाण्याने अल्पकाळ स्नान, त्यानंतर लगेच स्निग्ध मलम आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार दाहशामक औषध हा उपचाराचा पाया होय. डाळीच्या पिठाने वा उटण्याने अंग घासणे टाळावे. फुटलेल्या त्वचेवाटे अन्न-प्रथिने शरीरात गेल्यास अ‍ॅलर्जी नव्याने जडण्याचा संभव असतो. त्यानंतर दोन आठवडे आहार व लक्षणांची दैनंदिनी ठेवावी. तीत संशयित पदार्थ ठळकपणे दिसला, तरच तो एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्णपणे वगळावा. फरक न पडल्यास तो त्वरित पूर्ववत सुरू करावा.

येथे एका धोक्याची नोंद आवश्यक आहे. जो पदार्थ मूल पूर्वी सहन करीत होते, तो दीर्घकाळ वगळल्यास शरीराची सहनशीलता नष्ट होऊ शकते. अमेरिकेतील २९८ रुग्णांच्या २०१६ मधील पाहणीत वर्ज्य-आहारानंतर सुमारे १९ टक्के रुग्णांना त्या अन्नाची नवी, तत्काळ स्वरूपाची प्रतिक्रिया आली आणि त्यांतील काही प्रतिक्रिया जिवावर बेतणाऱ्या होत्या. याउलट, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० अर्भकांपैकी ज्यांना लहानपणीच शेंगदाणा नियमित दिला गेला, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फारच कमी आढळली. इसब आहे म्हणून सर्व 'जड' पदार्थ लांबणीवर टाकण्याची प्रथा त्यामुळे हानिकारक ठरू शकते.

दुसरा धोका कुपोषणाचा. दूध, अंडी आणि मासे एकदम बंद झाल्यास वाढत्या बालकाच्या आहारात प्रथिने, कॅल्शियम व जीवनसत्त्व ड यांची तूट पडते. दूध वगळणे अपरिहार्य असल्यास नाचणी उपयुक्त ठरते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कुळथाच्या पिठीतून प्रथिने मिळतात. गाईच्या दुधाऐवजी बकरीचे दूध देण्याचा सल्ला मात्र चुकीचा आहे. दोहोंतील प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना दोन्ही बाधतात. स्तनदा मातेने सर्व संशयित पदार्थ सोडावेत यासही पुरेसा आधार नाही. तिची भूक मारून बाळाची त्वचा सुधारत नाही.

पदार्थ पुन्हा देताना तो सकाळच्या वेळी, अल्प प्रमाणात, मूल निरोगी असताना द्यावा आणि पुढील दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नये, कारण इसबाचा उद्रेक एक-दोन दिवस उशिराही होतो. पूर्वी गांधी, ओठ सुजणे वा धाप असा त्रास झाला असल्यास हा प्रयोग घरी न करता रुग्णालयातच करावा. दूध व अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतांश मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. शेंगदाणा, काजू आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी सहसा टिकून राहते. त्यामुळे पहिल्या दोहोंची फेरतपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिन्यांपासून वर्षभराच्या अंतराने करावी लागते.