एकटीची सायकल, संघाची शर्यत

सायकल हे एकट्याने चालविण्याचे वाहन असले, तरी सायकलची शर्यत हा एकट्याचा खेळ नव्हे. अंतिम रेषेपाशी उभे राहणाऱ्या प्रेक्षकाला विजेती तेवढी दिसते. तिच्यासाठी दिवसभर छातीवर वारा झेलणाऱ्या सहकारिणी दिसत नाहीत. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्याची सुमारे एकतृतीयांश शक्ती वाचते. म्हणून एकीने वारा अडवावयाचा, दुसरीने मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणावयाच्या, तिसरीने प्रसंगी आपले चाक काढून द्यावयाचे आणि या श्रमांच्या बळावर नायिकेने शेवटचा घाट चढावयाचा, अशी या खेळाची रीत आहे.

ही रीत मोडली की काय होते, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्त्रियांच्या फ्रान्स फेरीत जगाने पाहिले. पिवळी जर्सी धारण केलेली हॉलंडची डेमी व्होलरिंग पाचव्या टप्प्यात पडली. ती मागे राहून झुंजत असताना तिच्याच संघाची ब्लांका व्हाश पुढे तो टप्पा जिंकत होती. व्होलरिंगची त्या दिवशी पावणेदोन मिनिटांहून अधिक पीछेहाट झाली. अखेरच्या दिवशी आल्प द्युएझचा प्रसिद्ध चढ तिने सर्वांआधी सर केला. पण फेरी मात्र पोलंडच्या कासिया निएव्हियाडोमाने अवघ्या ४ सेकंदांनी जिंकली. सर्वांत समर्थ स्त्रीही ऐन वेळी एकटी पडली, तर तिला हे मोल द्यावे लागते.

युरोपातील व्यावसायिक स्त्री स्पर्धक फेब्रुवारी-मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत संघाबरोबर रस्त्यावर असते. हा हंगामही सुखासुखी मिळालेला नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सायकल शर्यतीला प्रवेश मिळण्यास १९८४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सुरू झालेली स्त्रियांची फ्रान्स फेरी काही वर्षांतच बंद पडली आणि पुरुषांच्या फेरीच्या आयोजकांनी ती पुन्हा भरविली ती थेट २०२२ मध्ये. अव्वल संघांतील स्त्रियांना किमान वेतनाचा हक्क २०२० मध्ये मिळाला. आरंभी वर्षाला १५,००० युरो असलेले हे वेतन २०२३ मध्ये ३२,१०० युरोंवर गेले. पाण्याच्या बाटल्या वाहणारीलाही पगार मिळू लागला, तेव्हाच संघ ही संज्ञा खरी झाली.

आता आपल्याकडे पाहावे. मुंबई-पुणे शर्यतीने आणि तीतील बोरघाटाच्या चढाने महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सायकलपटू घडविले. भंडाऱ्याच्या मयूरी लुटेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर पदके मिळविली. गुणांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो हंगामाचा. राष्ट्रीय स्पर्धा, सरावशिबिरे आणि क्वचित परदेश दौरा, एवढ्यावर आपल्या मुलींचे वर्ष संपते. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत थाटामाटाने झाली, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु ती केवळ पुरुषांची होती.

एकटेपणाची दुसरी, अधिक लज्जास्पद बाजूही आहे. २०२२ मध्ये सरावासाठी स्लोव्हेनियाला गेलेल्या पथकातील एकुलत्या एक स्त्री सायकलपटूने प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार केली. पथक परत बोलावण्यात आले आणि प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. कारवाई झाली हे ठीकच. पण तिच्या सोबतीला एखादी स्त्री मार्गदर्शक असावी, हे आधी कोणाला का सुचले नाही?

सिल्व्हासा-नरोली रस्त्यावरच्या अथालसारख्या गावात हा प्रश्न दूरचा वाटेल. तसा तो नाही. शेजारच्या गुजरातेत सरस्वती साधना योजनेतून, महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून, बिहारमध्ये २००६ पासून, शाळकरी मुलींच्या हाती सरकारनेच सायकली दिल्या. शाळेची वाट त्यामुळे जवळ आली. परंतु अथालच्या कारखान्यांकडे धावणाऱ्या मालमोटारींच्या गर्दीतून एखादी मुलगी वेगाने सायकल हाकू लागली, तर तिला हेरणारा शिक्षक, सरावासाठी पहाटे तासभर निर्धोक ठेवलेला रस्ता आणि दहावीनंतर पुढचा मार्ग कोण देणार? सायकल दिली की कर्तव्य संपले, असे मानण्याची आपली सवय येथे उघडी पडते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पुरुषांच्या शर्यतीसाठी जे रस्ते सजतात, त्याच रस्त्यांवर स्त्रियांचीही शर्यत व्हावी. रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देते. त्याच धर्तीवर किनारपट्टीच्या एखाद्या उद्योगसमूहाने सात-आठ मुलींचा पगारी संघ उभारावा आणि त्यात स्त्री प्रशिक्षक असावीच. पदक मिळाल्यावर हारतुरे घेऊन धावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पदकाआधीच्या लांबलचक रस्त्यावर त्या मुलीच्या पुढे राहून वारा अडविणारे हवे आहेत.