विधेयक वाचणारे पदवीधर

संसदेत मांडल्या जाणाऱ्या सरकारी विधेयकाचा मसुदा मंत्रालयात तयार होतो. त्याची चिकित्सा मात्र खासदारांनी करायची असते. पुरेसे संशोधन साहाय्य हाताशी नसताना शेती, दूरसंचार, करप्रणाली अशा भिन्न विषयांवर त्यांनी मत बनवायचे कसे? ही उणीव भरून काढणारे अभ्यासक विधिमंडळ व सार्वजनिक धोरण या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणातून घडू शकतात.

या अभ्यासाला दोन बाजू आहेत. पहिली, विधेयकाचा प्रवास : वाचने, स्थायी समिती, दुरुस्त्या आणि मतदान. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्याचे मत पक्षादेशाला कसे बांधले, हेही येथे अभ्यासावे लागते. दुसरी बाजू कायद्याच्या परिणामांची. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा केला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. मागणाऱ्याला काम खरोखर मिळाले का, हे तपासायला अर्थशास्त्र व संख्याशास्त्र लागते.

बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यासाठी कायद्याची पदवी आवश्यक नाही. दिल्लीच्या ‘पीआरएस’ संस्थेची ‘लॅम्प’ पाठ्यवृत्ती तरुण पदवीधरांना एका खासदाराबरोबर काम करण्याची संधी देते. तेथे पदवी मिळत नाही. पण प्रश्न तयार करणे, विधेयकावर टिपणे काढणे यांचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो.

प्रवेश घेताना अभ्यासक्रमात या दोन्ही बाजू आहेत ना, हे अवश्य पाहावे. सभागृहाचे नियम ठाऊक. पण कायद्याचा परिणाम मोजता येत नाही, असा अभ्यासक अर्धवटच ठरतो.