रानकांदा ओळखा : रूप कांद्याचे, गुण विषाचे

विंचूर-लासलगाव भागात कांदा ओळखायला काय शिकवायचे, असे तुम्ही म्हणाल. शेतातला कांदा तुम्ही आमच्यापेक्षा चांगला ओळखता. हा लेख बांधापलीकडच्या, न लावता उगवणाऱ्या कांद्याविषयी आहे.

युरोपात ‘चाइव्ह’ नावाची बारीक पातीची कांदावर्गीय वनस्पती रानात उगवते व लोक ती खुडून खातात. भारतात ती हिमालयात आढळते, आपल्या माळावर नाही. आपल्याकडे मुरमाड माळरानात व डोंगरउतारावर कांद्यासारखा गड्डा असलेली जी वनस्पती दिसते, ती बहुधा रानकांदा किंवा कोळकांदा असते. ती विषारी आहे.

रानकांद्याचा गड्डा पांढरट असून त्याला कांद्यासारखेच पापुद्रे असतात. नुसत्या गड्ड्यावरून जाणकारही फसतो. म्हणून पात पाहावी. कांद्याची पात पोकळ नळीसारखी, तर रानकांद्याची चपटी व भरीव असते. लसणाचीही पात चपटी असते, पण तिला वास असतो. उन्हाळ्यात रानकांद्याला पानांच्या आधीच फुलांचा दांडा येतो. पाने पावसाबरोबर फुटतात. कांद्याची फुले दांड्याच्या टोकाला गोंड्यात येतात. रानकांद्याची मळकट हिरवी-तपकिरी, घंटेसारखी फुले दांड्यावर अंतराअंतराने लागतात.

सर्वांत खात्रीची खूण वासाची. पान चुरगाळले असता कांदा-लसणाचा वास आला नाही, तर ती वनस्पती खाऊ नये. मात्र कांदा काढणीच्या किंवा चाळ भरण्याच्या दिवसांत आपल्या हातांनाच कांद्याचा वास असतो! तेव्हा आधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, नाहीतर परीक्षा फसते. रानकांद्याच्या रसाने कातडीला खाज सुटते, म्हणून चुरगाळल्यावरही हात धुवावेत.

पहिल्या पावसानंतर माळावर हिरवे थोडेच असते. अशा वेळी शेळ्या-मेंढ्यांवर लक्ष ठेवावे. मुलांनाही हे झाड दाखवून ठेवावे. रानकांद्यातील द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. वैद्यकात तो कफावर वापरतात हे खरे, परंतु औषध व विष यांच्या मात्रेत फार थोडे अंतर असल्याने घरी प्रयोग करू नयेत. खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब होतात व नाडी मंद पडते. अशा व्यक्तीस घरगुती उपायांत वेळ न घालविता दवाखान्यात न्यावे आणि उपटलेले झाड गड्ड्यासह पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावे.