ज्युबिली हॉल : गीतांतून उभे राहिलेले वसतिगृह

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी, मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क विद्यालय सुरू झाले. वर्ग भरत ते लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत. पाच वर्षांत त्या मोडकळीस आल्या, कर्ज वाढले आणि संस्था बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ऑक्टोबर १८७१ मध्ये नऊ विद्यार्थ्यांसह गायनाचा दौरा काढला. बायबलातील मुक्तिवर्षावरून पथकास 'ज्युबिली' हे नाव मिळाले.

आरंभी ही मुले गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाचीच गीते गात. गुलामीतील भक्तिगीते त्यांच्या आईबापांची. ती पवित्र, आणि दास्याची आठवण देणारीही. चारचौघांत ती म्हणावयास मन धजेना. श्रोते हेलावले ते मात्र त्याच गीतांनी. पहिल्या दौऱ्यातून सुमारे २०,००० डॉलर जमले. १८७३ मध्ये पथक इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियासमोर गायले. (जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील गुलामगिरीच्या विरोधकांना 'गुलामगिरी' अर्पण केली ती याच वर्षी.)

या पैशांतून बांधलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या ज्युबिली हॉलचे उद्घाटन १ जानेवारी १८७६ रोजी झाले. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना अक्षर शिकविणे जेथे गुन्हा होता, तेथे आता त्यांच्या मुलींच्या निवासासाठी भव्य वास्तू उभी राहिली. १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मूळच्या नऊ गायकांपैकी बहुतेकांना मात्र दौऱ्यांच्या दगदगीत स्वतःचे शिक्षण पुरे करता आले नाही.